फ्रेंचमध्ये शिफारस मागताना: पहिलं वाक्य सोपं, दुसऱ्याची तयारी करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात बी-१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत फ्रेंच शिकून तुम्ही मास्टर्ससाठी फ्रान्समधल्या लियों शहरात आला आहात. वर्गात घोटलेलं ‘पुव्हे-व्हू म रकोमांदे अं बों रेस्तोरां, सिल व्हू प्ले?’ (कृपया एखादं चांगलं रेस्टॉरंट सुचवाल का?) हे वाक्य तुम्ही अगदी नीट म्हणता. तरी समोरचा एकतर ‘सा देपां’, म्हणजे ‘ते काय हवंय त्यावर आहे’, एवढंच म्हणतो, नाहीतर भराभर काहीतरी विचारतो आणि तुम्ही गडबडलात की सरळ इंग्रजीवर येतो. तुम्ही शाकाहारी आहात, डॉक्टरही शोधायचा आहे, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की इथली माणसं एकमेकांना हे सगळं विचारतात तरी कसं.

मी याच शहरात राहते आणि नव्याने आलेल्यांना फ्रेंच शिकवते. भारतातून आलेले विद्यार्थी त्यात पुष्कळ असतात, आणि तुमच्यासारखा प्रश्न बहुतेकांचा असतो. तुमचं वाक्य चुकलेलं नाही. थोडं पुस्तकी आहे, पण त्याने काही अडत नाही. अडतं ते त्याच्या पुढे. ते वाक्य ऐकणाऱ्याच्या हातात काहीच देत नाही. कोणासाठी, कधी, किती पैशात, कुठल्या चवीचं, यातलं काही कळत नसताना सल्ला देणं इथल्या माणसाला बेजबाबदारपणाचं वाटतं. म्हणून तो उलट प्रश्न विचारतो. तुमची तयारी पहिल्या वाक्याची असते, त्याच्या उलट प्रश्नाची नसते, आणि गाडी तिथे थांबते.

आपल्याकडे साडीच्या दुकानात गेलो की दुकानदार आधी गादीवर दहा साड्या उलगडतो, मग आपण ‘ही नको, ती दाखवा’ करत ठरवतो. इथे क्रम उलटा आहे. विकणारा आधी विचारणार, मग मोजून एक किंवा दोन गोष्टी दाखवणार. ही एवढी गोष्ट लक्षात आली की बाकीची फ्रेंच तुमच्याजवळ आहेच.

देवनागरीत फ्रेंच लिहिताना थोडी ओढाताण होते. खालच्या वाक्यांत अनुस्वार दिसेल तिथे स्वर नाकातून काढायचा, त्यामागे ‘न’ किंवा ‘म’ उमटू द्यायचा नाही. ‘ज’ हा ‘जहाज’मधल्यासारखा कडक नको, मऊ आणि घासत काढायचा.

सुरुवात ‘बोंजूर’ने, संध्याकाळ झाली असेल तर ‘बोंस्वार’ने. हे तुम्हाला माहीत आहे, पण वेळ आली की बरेच जण थेट ‘एक्स्क्यूझे-म्वा’ने सुरू करतात आणि समोरच्याच्या कपाळावर पहिली आठी तिथे पडते. बोंजूर म्हणा, त्याचं बोंजूर परत येईपर्यंत थांबा, मग बोला. रस्त्यातल्या अनोळखी माणसाला विचारायचं असेल तर ‘बोंजूर, एक्स्क्यूझे-म्वा द व्हू देरांजे’, म्हणजे ‘तसदी देतोय, माफ करा’. यावर जास्त लिहीत नाही.

आता खरा भाग. दुकानात रोज वापरलं जाणारं वाक्य आहे ‘केस्क व्हू म कोंसेये?’, म्हणजे तुम्ही मला काय सुचवाल. मित्र असेल तर ‘त्यू म कोंसेय क्वा?’. ‘रकोमांदे’ हे क्रियापदही चालतं, पण ते जास्त करून एखादं ठिकाण, डॉक्टर, कारागीर यांचं नाव सुचवताना ऐकू येतं. काउंटरवर उभं राहून ‘यातलं काय घेऊ?’ विचारायचं तर ‘कोंसेये’. दोन्हीत गल्लत झाली तरी कोणी हसणार नाही, त्यामुळे यात फार डोकं घालू नका. घालायचं ते या वाक्याच्या आधी काय बोलायचं त्यात. माझी विद्यार्थ्यांना सूचना अशी असते: आधी ‘ज शेर्श…’ने (मी शोधतोय…) दोन तपशील द्या, मग सल्ला मागा. तपशील दोनच पुरतात. पाच दिलेत तर तुम्हीच अडखळाल.

चीजच्या दुकानाचं उदाहरण घेऊ, कारण सरावाला त्याहून चांगली जागा नाही. इथला फ्रोमाजे, म्हणजे चीज विकणारा, स्वतःला नुसता दुकानदार समजत नाही. अनेक फ्रोमाजे चीज आणून आपल्या तळघरात पिकवतात, त्यामुळे कोणतं आज खायला योग्य आहे हे त्यांना हाताला कळतं. तुम्ही ‘चांगलं चीज द्या’ म्हणालात तर तो हसून ‘तू ते बों!’ म्हणणार, म्हणजे सगळंच चांगलं आहे. हे उत्तर इतकं ठरलेलं आहे की ते ऐकलं की समजावं, आपला प्रश्न फार मोघम होता. त्याऐवजी असं म्हणून बघा: ‘बोंजूर. ज शेर्श अं शेव्ह्र, पा त्रो फोर. केस्क व्हू म कोंसेये?’ मला शेळीच्या दुधाचं चीज हवंय, फार उग्र नको, काय सुचवाल.

आता त्याचा पहिला प्रश्न जवळजवळ नक्की ठरलेला आहे: ‘से पूर कां?’, कधीसाठी? किंवा ‘से पूर स स्वार?’, आज रात्रीसाठी का? नव्याने आलेल्यांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. मी कधी खाणार याच्याशी याचं काय? पण चीज रोज पिकत असतं. आज रात्री खायचं तर पूर्ण तयार झालेलं देईल, रविवारी पाहुणे यायचे असतील तर जरा कच्चं. खरबूज विकणारा बाजारातला माणूसही हेच विचारतो, कधीकधी दुपारसाठी की रात्रीसाठी इतकं नेमकं. उत्तर एका शब्दाचं असतं: ‘पूर स स्वार’ किंवा ‘पूर दिमांश’, रविवारसाठी.

दुसरा प्रश्न पिकलेपणाबद्दल येतो. शेळीच्या चीजसाठी ‘फ्रे, दमी-सेक, सेक?’, म्हणजे ताजं, अर्धवट सुकलेलं की सुकं. ताजं सौम्य आणि किंचित आंबट असतं, सुकं झणझणीत. कोंते नावाच्या डोंगरी चीजसाठी तो महिने विचारेल. कोंते किमान चार महिने पिकवावंच लागतं, पण दुकानात बारा, अठरा, चोवीस महिन्यांचं असे वेगवेगळे तुकडे असतात. तुम्हाला काही कळत नसेल तर सांगायचं, ‘ज न कोने पा’, मला माहीत नाही, आणि मग ‘व्हू प्रांद्रिये क्वा, आ मा प्लास?’, माझ्या जागी तुम्ही काय घ्याल. हा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो, कारण त्यात माणूस स्वतःची आवड सांगायला लागतो. बऱ्याचदा तो एक पातळ काप कापून ‘व्हू व्हूले गूते?’ असं विचारतो. चव घेणार का? हो म्हणा. चव घेतली म्हणून तेच घ्यावं लागतं असं नाही.

शाकाहारी असाल तर इथेच एक सांगायला हवं. कोंतेसकट अनेक पारंपरिक फ्रेंच चीज वासराच्या पोटातल्या विरजणाने बनतात. त्याला इथे ‘प्रेझ्यूर’ म्हणतात. तुम्हाला ते चालत नसेल तर ‘से द ला प्रेझ्यूर आनिमाल?’ असं विचारा. विचारल्यावर प्रामाणिक उत्तर मिळतं, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण इथे ‘शाकाहारी’ म्हणणारी बहुतेक माणसं चीज खातात आणि तिथवर विचार करत नाहीत.

वाईनचं दुकान चालवणारा काव्हिस्त. तुम्ही पीत नसलात तरी कोणाच्या घरी जेवायला जाताना बाटली नेण्याची वेळ येईलच. त्याला दोन गोष्टी हव्या असतात: कशासोबत प्यायची आहे आणि किती पैसे. पैशाबद्दल संकोच करू नका. ‘दां ले कॅंझ उरो’, पंधरा युरोच्या आसपास, असं स्वच्छ सांगणं इथे मुळीच कमीपणाचं नाही. उलट रक्कम सांगितली नाही की तो अवघडतो. महागडी काढली तर लुबाडतोय असं वाटेल, स्वस्त काढली तर तुम्हाला कमी लेखल्यासारखं. ‘से पूर ओफ्रीर?’ हाही प्रश्न येईल, म्हणजे भेट द्यायची आहे का. हा जवळपास सगळ्या दुकानांत विचारतात आणि त्यात बऱ्याचदा आणखी एक प्रश्न दडलेला असतो: भेटीच्या कागदात बांधून देऊ का?

पुस्तकांच्या दुकानाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भाषा शिकणाऱ्याला तिथे खूप मिळतं. फ्रान्समध्ये १९८१च्या कायद्याने नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि दुकानदाराला त्यावर जास्तीत जास्त पाच टक्के सूट देता येते. म्हणजे मोठ्या साखळीत आणि गल्लीतल्या लहान दुकानात पुस्तक जवळजवळ एकाच भावाला. मग लहान दुकानाकडे गिऱ्हाईक ओढायला राहतं काय? सल्ला. म्हणून लिब्रेर, म्हणजे पुस्तकविक्रेता, वाचतो, आणि आवडलेल्या पुस्तकावर हाताने लिहिलेली चिठ्ठी लावतो. त्या चिठ्ठीवर ‘कू द कर’ असं असतं, म्हणजे मनापासून आवडलेलं. तुम्ही विचारायचं ते असं: ‘ज शेर्श अं रोमां पा त्रो लों, फासिल आ लीर. जाप्रां ल फ्रांसे.’ फार लांब नसलेली, वाचायला सोपी कादंबरी हवी, मी फ्रेंच शिकतोय. यावर तो विचारेल, ‘व्हू झेमे क्वा, दाबित्यूद?’, एरवी काय आवडतं वाचायला? याचं उत्तर घरून तयार करून जा. रहस्यकथा असेल तर ‘ले पोलार’ एवढं म्हटलं तरी पुरे. तीन-चार दिवसांनी परत जाऊन ‘कठीण गेलं’ म्हणालात तर पुढच्या वेळी तो तुमच्या मापाचं काढून देतो.

औषधाच्या दुकानाचंही तसंच. जानेवारी २०२० पासून पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या गिऱ्हाइकाने स्वतः फडताळातून उचलायच्या नाहीत, काउंटरच्या मागूनच मिळतात, ते फार्मासिस्टने दोन शब्द बोलावेत म्हणूनच. ‘केस्क व्हू म कोंसेये पूर ला तू?’ (खोकल्यासाठी काय सुचवाल), आणि तो विचारणार, कोरडा की कफाचा: ‘सेश उ ग्रास?’ हे दोन शब्द पाठ करून ठेवा. मग ताप आहे का, दुसरी काही औषधं घेता का, हे येईलच.

आता रेस्टॉरंट. इथे दोन वेगळे प्रसंग आहेत आणि तुमच्या प्रश्नात ते एकत्र झाले आहेत. कुठे जेवावं हे रस्त्यात किंवा ओळखीच्यांना विचारणं एक, आणि आत बसल्यावर काय खावं हे वेटरला विचारणं दुसरं.

कुठे जेवावं यासाठी ‘आद्रेस’ हा शब्द धरा. ‘यून बोन आद्रेस’ म्हणजे शब्दशः चांगला पत्ता, पण बोलण्यात त्याचा अर्थ ‘जाण्यासारखं ठिकाण’. ‘व्हू नोरिये पा यून बोन आद्रेस दां ल क्वॅं?’, इकडे जवळपास एखादं चांगलं ठिकाण नाही का माहीत तुम्हाला? वाक्य नकारार्थी आहे हे पाहा. ‘आहे का’पेक्षा ‘नसेल ना’ असं विचारलं की समोरच्याला नाही म्हणणं सोपं जातं, म्हणून ते जास्त सभ्य. मराठीतही आपण ‘तुमच्याकडे जरा पेन नसेल ना?’ म्हणतोच, तेव्हा हे तुम्हाला परकं वाटू नये. मागे एक तपशील जोडा: ‘पा त्रो शेर’ (फार महाग नको), किंवा ‘पूर मांजे व्हेजेतारियॅं’ (शाकाहारी जेवायला). ‘सा देपां’ ऐकावं लागणं इथेच निम्म्याने कमी होईल.

मात्र कोणाला विचारताय यावर बरंच आहे. हॉटेलच्या रिसेप्शनवरचा माणूस जवळचं आणि सुरक्षित नाव सांगेल. चीजवाला, पाववाला, केस कापणारा ही माणसं स्वतः जिथे जेवतात ते सांगतात, कारण तुम्ही उद्या परत येणार आहात. घाईने चाललेल्या माणसाला पॅरिसमध्ये सकाळी साडेआठला मेट्रोच्या दारात विचारलंत तर काही निघणार नाही, आणि त्याचा तुमच्या फ्रेंचशी काहीही संबंध नाही. लहान गावात तोच प्रश्न वीस मिनिटांच्या गप्पा होऊ शकतो.

आत बसल्यावरची गोष्ट वेगळी. आधी दोन शब्द सरळ करून घ्या: ‘कार्त’ म्हणजे पदार्थांची यादी, आणि ‘मन्यू’ म्हणजे ठरावीक किमतीचं दोन-तीन पदार्थांचं जेवण. ‘आंत्रे’ ही सुरुवातीची डिश, मुख्य नव्हे. भिंतीवर किंवा पाटीवर खडूने लिहिलेलं असेल तर ते त्या दिवसाचं, आणि साधारणपणे स्वयंपाकघराचं मन त्यात असतं. वेटरला ‘केस्क व्हू म कोंसेये?’ विचारलं की तो बहुधा त्या पाटीकडेच बोट दाखवतो. आपल्याकडच्या लोकांना लगेच शंका येते, संपवायचा माल असेल. कधी असेलही, पर्यटकांच्या रस्त्यावर तर नक्कीच शंका घ्यावी. पण गल्लीतल्या लहान ठिकाणी पाटीवरचा पदार्थ म्हणजे सकाळी बाजारात चांगलं मिळालेलं, आणि मी तरी तो घेते.

लियोंमध्ये एक प्रश्न तुम्ही टाळावा असं मी सांगेन: ‘इथली खासियत काय?’ बूशों म्हणवणाऱ्या इथल्या पारंपरिक खानावळीत हे विचारलंत तर वेटर अभिमानाने आंदुयेत सांगेल, म्हणजे आतड्यांचं सॉसेज, किंवा ताब्लिये द सापर, म्हणजे गाईच्या पोटाचा तळलेला तुकडा. त्याने उत्तर बरोबर दिलं, प्रश्न शहराबद्दल होता आणि तुम्ही त्यात कुठेच नव्हता. सल्ला स्वतःसाठी मागा: ‘ज न मांज नी व्ह्यांद, नी प्वासों. केस्क व्हू पुव्हे म प्रोपोझे?’ मी मांस खात नाही, मासेही नाही, तुम्ही काय देऊ शकाल. मासे वेगळे सांगणं अत्यावश्यक आहे. नुसतं ‘ज स्वी व्हेजेतारियॅं’ म्हटलं तर ‘मग मासा चालेल ना?’ हा प्रश्न अजूनही येतो. अंडी चालत नसतील तर तीही वेगळी सांगा, कारण ती इथे शाकाहारी धरतात. सॅलड मागवताना ‘सां लार्दों’ म्हणा, नाहीतर पानांवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरून येतील. वेटरच्या डोळ्यांनी हे ‘सॅलड’च असतं.

एक गंमत सांगते. बूशोंच्या कार्तवर ‘सेर्व्हेल द कान्यू’ दिसेल. नावाचा अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’, त्यामुळे शाकाहारी माणूस दचकून पान उलटतो. प्रत्यक्षात ते ताज्या मऊ चीजमध्ये लसूणपात, कांदा आणि हिरवा मसाला घालून फेटलेलं असतं, पावाबरोबर खातात, आणि आपल्या चक्क्याच्या चटणीची आठवण करून देतं. कनेल नावाचे मऊ, लांबट गोळे मात्र नीट विचारून घ्या. मूळ प्रकारात पाईक मासा असतो, ‘नात्यूर’ म्हटलेल्या प्रकारात रवा किंवा मैदा, लोणी, दूध, अंडी, आणि वरचा सॉस बऱ्याचदा झिंग्यासारख्या प्राण्याचा.

आता सल्ला मिळाला, तो कसा ऐकायचा? माझ्या मते वर्गात सर्वात कमी शिकवला जाणारा भाग हाच. फ्रेंच माणूस स्तुती मोजून करतो आणि नापसंती गुंडाळून. ‘पा माल’ म्हणजे शब्दशः ‘वाईट नाही’, पण अर्थ ‘चांगलं आहे’. ‘पा माल द्यू तू’ म्हटलं तर अगदी चांगलं, जाऊन या. उलट ‘पा तेरीब्ल’. ‘तेरीब्ल’ ऐकून वाटतं की भयंकर नाही, म्हणजे बरं असेल. नाही. ‘पा तेरीब्ल’ म्हणजे सुमार, जाऊ नका. ‘कोरेक्त’ म्हणजे पोट भरेल, आठवण राहणार नाही. ‘से स्पेस्याल’ ऐकून तर आपली माणसं फार फसतात. खास, विशेष असेल असं समजून जातात. बोलण्यात त्याचा अर्थ ‘जरा विचित्रच’ असा निघतो, आणि ‘से पार्तिक्युलिये’चाही. अशा वेळी भुवया बघा. ‘बोफ’ हा तर शब्दच नव्हे, खांदे उडवल्याचा आवाज आहे.

‘से अं प तुरिस्तिक’, म्हणजे जरा पर्यटकी आहे, हे सौम्य नापसंतीचं. ‘आत्राप-तुरिस्त’ म्हणजे पर्यटकांना पकडायचा सापळा, त्या दारात जाऊच नका. चांगल्या बाजूला ‘बों रापोर कालिते-प्री’ हे खरं कौतुक आहे, दाम तसं काम या अर्थाचं, आणि इथे त्याला मोठा मान आहे. ‘सा व्हो ल कू’ म्हणजे वेळ-पैसा घालवण्याजोगं. ‘यून व्हालर स्यूर’ म्हणजे कधी निराशा न करणारं, जुनं आणि भरवशाचं. समोरचा ‘फ्रांश्मां’ने (खरं सांगायचं तर) सुरुवात करेल तेव्हा कान टवकारा, पुढचं मत मनापासूनचं असतं, चांगलं किंवा वाईट.

मिळालेला सल्ला नको असेल तर? आपल्याला नाही म्हणता येत नाही म्हणून बरेच विद्यार्थी नको ते घेऊन येतात. काही गरज नाही. ‘ज व्हे रेफ्लेशीर, मेर्सी’, विचार करतो, धन्यवाद, एवढ्यावर दुकानदार पाठ सोडतो. आत शिरताच ‘मदत करू का’ आलं आणि नुसतं बघायचं असेल तर ‘ज रगार्द ज्युस्त, मेर्सी’. निघताना ‘ओ रव्हार, बोन जुर्ने’ मात्र विसरू नका, काही घेतलं नसलं तरी. पसंत पडलं आणि निवड त्याच्यावरच सोडायची असेल तर ‘ज व्हू फे कोंफियांस’, तुमच्यावर विश्वास टाकतो. हे वाक्य जपून वापरा. ऐकणारा ते मनावर घेतो, आणि रक्कम आधी सांगितली नसेल तर बिलही मनावर घ्यावं लागतं.

इंग्रजीत शिरणाऱ्यांबद्दल. लियोंच्या दुकानात रांग असते, तो तुमचा वेळ वाचवतोय, अपमान करत नाहीये. ‘ओं प कोंतिन्युए आं फ्रांसे? जाप्रां’, फ्रेंचमध्येच बोलूया का, मी शिकतोय, असं हसून म्हटलं की बहुतेक जण वेग कमी करतात. मागे सात माणसं उभी असताना मात्र हा हट्ट करू नका. मंगळवारी दुपारी, दुकान रिकामं असताना जा.

मित्रांशी आणि वर्गाच्या ग्रुपवर लिहिताना भाषा एकदम सैल होते. तिथे ‘रकोमांदास्यों’ कोणी पूर्ण लिहीत नाही, ‘दे रको?’ एवढंच. आणि एक वाक्य तुम्हाला सगळीकडे दिसेल: ‘ज स्वी प्रनर’, बाई असेल तर ‘प्रनझ’. सुचवाल ते घ्यायला मी तयार आहे, असा त्याचा भाव. ‘ज स्वी प्रनर द व्हो बोन झाद्रेस’ लिहिलंत तर कोणी तुम्हाला नवखं समजणार नाही. इमारतीच्या ग्रुपवर, जिथे वयस्कर शेजारी आहेत, तिथे ‘बोंजूर आ तूस’ने सुरू करून ‘केल्कं कोनेत्रे अं बों प्लोंबिये?’ (कोणाला चांगला प्लंबर माहीत असेल का), आणि शेवटी ‘मेर्सी दाव्हांस’. अशा ग्रुपवर ‘त्यू’ (तू) वापरू नका, समोरच्यांनी सुरू करेपर्यंत ‘व्हू’च (तुम्ही).

जाता जाता: पोस्टातून ‘रकोमांदे’ पत्र आलं अशी चिठ्ठी दारावर मिळाली तर कोणी तुमची शिफारस केलेली नाही. ते रजिस्टर्ड पत्र आहे, ओळखपत्र घेऊन जाऊन सोडवून आणा. प्राध्यापकांकडून हवं असतं ते ‘लेत्र द रकोमांदास्यों’.

शेवटी डॉक्टर, कारण याला थोडा वेळ लागतो आणि तुम्ही लवकर सुरू केलेलं बरं. इथल्या आरोग्य विम्यात प्रत्येकाने एक ‘मेदसॅं त्रेतां’, म्हणजे नेहमीचा डॉक्टर, जाहीर करायचा असतो. २००४च्या कायद्याने आलेली ही व्यवस्था. तो जाहीर केला असेल तर तपासणीच्या ठरलेल्या दराच्या सत्तर टक्के विमा देतो, नसेल किंवा त्याला वगळून दुसरीकडे गेलात तर तीसच. म्हणून नुसता ‘चांगला डॉक्टर’ विचारू नका. चांगले डॉक्टर पुष्कळ आहेत, नवे रुग्ण घेणारे कमी. शेजाऱ्यांना लिहा: ‘ओरिये-व्हू अं मेदसॅं त्रेतां आ म कोंसेये, की प्रां आंकोर द नुव्हो पास्यां?’ मला असा डॉक्टर सुचवाल का, जो अजून नवे रुग्ण घेतो. शेवटचे पाच-सहा शब्द नसतील तर तुम्हाला भरपूर नावं मिळतील आणि प्रत्येक ठिकाणी फोन केल्यावर नकार. नाव मिळालं की फोनवरही आधी तेच विचारा, ‘ल दोक्तर प्रां आंकोर द नुव्हो पास्यां?’, आणि ‘नों’ आलं तर लगेच पुढचं: ‘व्हू पुर्रिये म कोंसेये केल्कं दोत्र?’, तुम्ही दुसरं कोणी सुचवू शकाल का. आसपास कोणाची यादी अजून उघडी आहे हे सेक्रेटरीला बऱ्याचदा ठाऊक असतं, आणि इतक्या नेमक्या प्रश्नाला ती ‘सा देपां’ म्हणणार नाही.